पुण्यात परिसर मोजायचा तर: वर्तुळ, प्रश्नावली की मोजपट्टी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साठीपुढची माणसं रोज किती चालतात यावर प्रबंध आहे, सदाशिव पेठ आणि वारजे यांची तुलना करायची आहे, आणि परिसर मोजायला ‘न्यूज’ प्रश्नावली (आपला परिसर चालायला किती सोयीचा, हे रहिवाशांनाच विचारणारी) घ्यावी की घराभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढावं.

आधी मुळातली अडचण. दोनच भाग घेतलेत तर माणसं दोनशे असोत की दोन हजार, परिसराचा नमुना दोनचाच राहतो. या दोन भागांत फुटपाथ सोडून इतर शंभर गोष्टी वेगळ्या आहेत, मग चालण्यातला फरक नेमका कशाने पडला हे कसं ठरवणार? त्यापेक्षा शहरभर बारा-पंधरा लहान भाग निवडा. वस्तीची घनता आणि चौकांची संख्या बघून पायी फिरायला सोयीचे आणि गैरसोयीचे असे भाग पाडा, आणि दोन्हींत सुखवस्तू व कमी उत्पन्नाच्या वस्त्या घ्या. ‘आयपेन’ या बहुदेशीय अभ्यासाची आखणी साधारण अशीच होती.

वर्तुळ मात्र नको. वारज्यातून महामार्ग जातो. वर्तुळात पलीकडची बाग, दवाखाना सगळं येतं, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना तिकडे जायचं तर आधी भुयारी मार्ग गाठावा लागतो. अंतर रस्त्यांवरूनच मोजा. त्यासाठी क्यूजीआयएस (नकाशावर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर) आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला नकाशा) फुकट मिळतात. फक्त नकाशावर डोळे मिटून विसंबू नका. सोसायटीतला रस्ता तिथे आरपार दिसतो आणि प्रत्यक्षात मागच्या गेटला कायमचं कुलूप असतं. उलट ज्या बोळातून सगळी गल्ली ये-जा करते, तो नकाशात नसतोच.

आता प्रश्नावली. सेलन्स, सॅलिस वगैरेंनी ती 2003 मध्ये सॅन दिएगोच्या वस्त्यांत तपासली. दुकान किती मिनिटांवर आहे, असं ती विचारते; पहिला पर्याय 1 ते 5 मिनिटं. पेठेत किराण्यासाठी जवळपास सगळे तोच पर्याय निवडणार, म्हणजे विश्लेषणाला हाती काही नाही. तिकडे फरक अंतरात होता, आपल्याकडे तो वाटेत आहे. चेन्नईत तपासलेली भारतीय आवृत्ती घ्या, मराठीत आणा आणि काही जणांना दोन आठवड्यांनी पुन्हा विचारून उत्तरं जुळतात का बघा.

वाट मोजायला मोजपट्टीच लागते. ‘फुटपाथ आहे का? हो/नाही’ हा रकाना आपल्याकडे बिनकामाचा. फुटपाथ असतो, पण त्यावर विजेची डीपी (पेटी), उखडलेले गट्टू आणि आडव्या लावलेल्या दुचाकी. म्हणून सर्वांत अरुंद जागी मोकळी रुंदी मोजा (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत ती किमान 1.8 मीटर आहे), फुटपाथच्या कडेची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि रस्त्याचा तोच तुकडा सकाळी व संध्याकाळी दोनदा बघा. भाजीची हातगाडी अडथळ्यात धरायची की चालत जाण्याच्या ठिकाणात, हे आधीच ठरवा. माझ्या मते दोन्हींत, वेगवेगळ्या रकान्यांत. काही तुकडे दोघांनी स्वतंत्रपणे मोजावेत, म्हणजे मोजणी जुळते का ते कळेल. पुण्यात 2022 पासून गूगलचा स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यांचे फोटो) आहे. झाडं बघायला तो पुरतो, कडेची उंची त्यावरून मिळत नाही.

लोकांचं म्हणणं आणि तुमची मोजणी जुळली नाही तर कुणालाही खोटं ठरवू नका, विश्लेषणात दोन्ही वेगवेगळी चलं (व्हेरिएबल्स) म्हणून ठेवा. 1.8 मीटर रुंद फुटपाथही कुत्र्यांच्या भीतीने टाळला जातो.

आणि ‘इथे राहायला का आलात?’ हे विचाराच. चालायची आवड म्हणून घर निवडलेल्या माणसाचं श्रेय परिसराला जायला नको. पेठेत ‘घर वडिलोपार्जित आहे’ म्हणणारे बरेच भेटतील. त्यांनी परिसर निवडलेला नाही, म्हणून त्यांचं विश्लेषण वेगळंही करून बघा.