इंग्लंडमधल्या पॅडस्टो गावात नाताळानंतर तोंडाला काळं फासून मिरवणूक काढतात, ती वंशद्वेषी आहे का?

काळं फासण्याची प्रथा मुळात वेषांतराची असू शकते, पण तिथली काही गाणी वंशद्वेषी खेळांतूनच आलेली आहेत, त्यामुळे आक्षेप रास्त आहे. कॉर्नवॉलमधल्या या बंदराच्या गावात २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला लोक तोंडं काळी करून, अकॉर्डियन-ढोल वाजवत फिरतात आणि धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करतात. समर्थक म्हणतात, हिवाळ्यात हाताला काम नसलेले लोक ओळख लपवून गात पैसे मागत, आणि काजळी फुकटात मिळायची. हे पटतं, इंग्लंडमध्ये इतरत्रही असं वेषांतर होत असे. गाण्यांचं मात्र तसं नाही. त्यांतली काही १९व्या शतकातल्या अमेरिकन मिन्स्ट्रेल खेळांतली आहेत, ज्यांत गोरे नट काळं फासून गुलामांची टिंगल करायचे. त्यांतली कृष्णवर्णीयांसाठीची शिवी काढून पुढे 'ममर' (सणाला वेषांतर करून फिरणारा) शब्द घातला गेला, 'डार्की डे' हे कृष्णवर्णीयांना हिणवणारं नावही जाऊन 'ममर्स डे' आलं. २००५च्या सुमारास पोलिसांनी या मिरवणुकीचं चित्रीकरण केलं, पण खटला उभा राहिला नाही.

अर्थात, यावरून सहभागी गावकऱ्यांच्या मनात द्वेष असतो असं ठरत नाही. बऱ्याच जणांसाठी तो घरातून आलेला सण आहे. तरी माझं मत बदलाच्या बाजूने आहे. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मॉरिस नृत्याच्या (एका पारंपरिक इंग्रजी लोकनृत्याच्या) संघटनांनी पूर्ण चेहरा काळा रंगवणं सोडायचं ठरवलं. अनेक चमूंनी दुसरे रंग घेतले, आणि त्यांचा नाच चालूच आहे.