चौदानंतर वाट का फुटते?

प्रश्न : मी दोन नियमांनी दोन क्रमिका तयार करतो आहे. दोन्हींची सुरुवात १ पासून, आणि दर वेळी नियमात बसणारी लहानात लहान संख्या घ्यायची. पहिला नियम : आधीच्या सलग पदांची बेरीज करून जी संख्या मिळते ती घ्यायची नाही. दुसरा नियम : क्रमिकेतल्या सलग पदांच्या कोणत्याही दोन तुकड्यांची बेरीज सारखी येता कामा नये (एकटे पद हाही तुकडाच). दोन्हींत १, २, ४, ५, ८, १०, १४ असेच आले. पुढे पहिलीत १५ येतो आणि दुसरीत २१. शिवाय दुसरीत २१ नंतर संगणक १५ दाखवतो! प्रोग्रॅममध्ये चूक आहे का?

उत्तर : प्रोग्रॅम बरोबर आहे, त्याला हात लावू नका. मात्र हे आठवे पद एकदा संगणक बाजूला ठेवून कागदावर काढाच. मला या विषयात सर्वांत आवडणारी जागा हीच आहे.

१५ ची तपासणी करताना पहिला नियम एवढेच पाहतो, की ही संख्या आधीच्या सलग पदांच्या बेरजेतून येते का. १४ पर्यंतचे सगळे तुकडे तपासा, १५ कुठेच सापडत नाही. म्हणून तो आत येतो. दुसऱ्या नियमाला तेवढ्याने भागत नाही. १५ आत आला की त्याच्यासोबत नवे तुकडेही तयार होतात : १४+१५, १०+१४+१५ आणि पुढचे. त्यातल्या पहिल्याच तुकड्याची बेरीज २९ होते, आणि २+४+५+८+१० हेही २९ च. १५ बाद. १६ घेतला तर १४+१६ म्हणजे ३०, आणि १ पासून १० पर्यंतच्या सहा पदांची बेरीजही ३०. तोही बाद. १७, १८, १९, २० या तर आधीच्या तुकड्यांच्याच बेरजा आहेत; उदाहरणार्थ १७ म्हणजे ४+५+८. २१ घेतल्यावर नव्या बेरजा येतात २१, ३५, ४५, ५३, ५८, ६२, ६४ आणि ६५. यातली एकही आधी आलेली नाही.

मग २१ नंतर १५ कसा? अडचण १५ मध्ये नव्हतीच, ती १४ च्या शेजारी बसण्यात होती. आता शेजारी २१ आहे, त्यामुळे बेरजा होतात १५, ३६, ५०, ६०, ६८, ७३, ७७, ७९, ८०. सगळ्या नव्या. त्याच्या मागोमाग १६ सुद्धा येतो. पहिल्या नियमात असे कधीच घडणार नाही. तिथे एकदा बेरीज म्हणून नाकारलेली संख्या कायमची नाकारलेली असते, म्हणून ती क्रमिका चढतीच राहते. तुम्ही दुसऱ्या नियमातही दर पदाला शोध १ पासून सुरू केलात, हे फार चांगले केलेत. मागच्या पदाच्या पुढून शोधले असते तर १५ निसटला असता.

आता दुसरी क्रमिका मोजपट्टीवर मांडून पाहा. ० वर खूण करा आणि पदांएवढी अंतरे टाकत पुढे जा : ०, १, ३, ७, १२, २०, ३०, ४४, ६५, ८०… सलग पदांची बेरीज म्हणजे दोन खुणांमधले अंतर. त्यामुळे तुमचा नियम असा होतो, की कोणतीही दोन अंतरे सारखी नकोत. प्रत्येक खुणेत १ मिळवला की १, २, ४, ८, १३, २१, ३१, ४५, ६६, ८१ अशी क्रमिका मिळते. अब्दुल मजीद मियाँ आणि सर्वदमन चौला या गणितींनी १९४४ मध्ये अभ्यासलेली क्रमिका ती हीच. एका नियमातून निघून दुसऱ्याच प्रसिद्ध क्रमिकेच्या दारात पोहोचणे, हा आनंद मला कोणत्याही सूत्रापेक्षा मोठा वाटतो.

तुमची पहिली क्रमिका त्याहून जुनी आहे. तोफखान्यातले अधिकारी आणि मोठे गणिती पर्सी मॅकमहॉन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली आणि तिच्या पदांना ‘मोजमापाच्या मूळ संख्या’ म्हटले. त्यांच्याही डोळ्यांपुढे मोजपट्टीच होती.

एक इशारा मात्र देतो. दुसऱ्या क्रमिकेत दर पावलाला लहानात लहान संख्या घेतली म्हणून पट्टीही सर्वांत आखूड होते, असे समजू नका. चार खुणांना तुमची पट्टी ७ लांबीची होते, पण ०, १, ४, ६ या खुणांनी ६ मध्येच काम होते. आठ खुणांना तुम्हाला ४४ लागतात आणि शक्य असलेली सर्वांत कमी लांबी ३४ आहे. अशा पट्ट्यांना अमेरिकी गणिती सॉलोमन गोलोंब यांचे नाव मिळाले आहे.

प्रश्न : अशा क्रमिका कुठे अडकून संपतात का? आणि त्या किती वेगाने वाढतात?

उत्तर : संपत नाहीत. आतापर्यंतच्या सगळ्या पदांच्या बेरजेत १ मिळवा. ती संख्या दोन्ही नियमांत नेहमीच चालते.

वाढीचा प्रश्न अवघड आहे. पहिल्या क्रमिकेबद्दल गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांनी १९७५ मध्ये अंदाज मांडला, की एनवे पद साधारण एन गुणिले लॉग एन, भागिले लॉग लॉग एन एवढे असावे (लॉग म्हणजे लॉगॅरिदम, आणि लॉग लॉग म्हणजे त्याचाही लॉगॅरिदम). म्हणजे वाढ अगदी संथ.

दुसरीच्या खुणांची वरची मर्यादा तुम्ही स्वतः काढू शकता. नवी खूण नाकारली जाते ती एकाच कारणाने : तिचे एखाद्या जुन्या खुणेपासूनचे अंतर दोन जुन्या खुणांमधल्या अंतराएवढे असते. म्हणजे प्रत्येक नाकारलेली जागा तीन जुन्या खुणांवरून ठरते. एन खुणांतून असे तीन निवडण्याचे प्रकार फार तर एनचा घन. म्हणून ० पासून एनच्या घनापर्यंत कुठे तरी मोकळी जागा उरतेच. आठ खुणांनंतर ही मर्यादा ५१२ सांगते. प्रत्यक्षात नववी खूण ६५ वर आहे. खालच्या बाजूने पॉल एर्देश आणि पाल तुरान या गणितींच्या १९४१ च्या निकालावरून कळते, की एनवी खूण साधारण एनच्या वर्गापेक्षा अलीकडे येऊ शकत नाही. वर्ग आणि घन यांच्यामध्ये खरी वाढ नेमकी कुठे बसते, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.