घरात संगणक वापरणारा मी एकटाच. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे कशाला ठेवायचे?

घरातील संगणकाला दुसरे कोणी हात लावत नसताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावरच, म्हणजे संगणकात काहीही बदलण्याचे अधिकार असलेल्या खात्यावरच, रोजचे काम केले तर काय बिघडते, असे आपण विचारले आहे. समोर बसणारा माणूस एकच असला, तरी त्याच्या नावाने चालणारे प्रोग्राम पुष्कळ असतात आणि कुठूनतरी उतरवून घेतलेल्या प्रोग्रामलाही त्याच खात्याचे अधिकार मिळतात. खरी अडचण ती आहे.

सगळे काम अशाच खात्यावर करण्याची सवय जुनी आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट एस्केप दाबून बाजूला सारता येत असे, आणि फॅट या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाइल कोणाच्या मालकीची, याची नोंदच नसे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा पाया विंडोज एनटी या वेगळ्या घडणीच्या विंडोजचा होता, म्हणजे खाती आणि परवानग्या त्यात मुळापासून होत्या. तरीही विंडोज बसवताना तयार होणारी खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचीच असत. मीही कित्येक वर्षे तसेच काम केले, कारण माझा मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम आपल्या नोंदी ‘प्रोग्राम फाइल्स’ या प्रोग्रामांच्या फोल्डरमध्येच लिहू पाहत असे आणि साध्या, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या, खात्यावर चालतच नसे. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून, असा मोठा बदल होण्याआधी परवानगी विचारणारी चौकट आली. पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावर तिथे नुसते ‘येस’ दाबले की काम होते, आणि ते दाबायला बोट फार लवकर सरावते. साध्या खात्यावर मात्र दुसऱ्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, त्यामुळे निदान क्षणभर थांबणे होते.

तथापि साधे खाते प्रामुख्याने ऑपरेटिंग सिस्टिमला राखते, आपल्या फाइलींना नव्हे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामला आपले फोटो आणि हिशेब बिघडवायला आपलेच अधिकार पुरतात, आणि हे लिनक्सवरही तितकेच खरे आहे. माझ्या मते घरगुती माणसाचे मोठे नुकसान इथेच होते, कारण विंडोज पुन्हा बसवता येते, फोटो परत आणता येत नाहीत. म्हणून बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती कायम जोडलेली असेल, तर तीही त्याच तडाख्यात सापडते.

बदल करताना क्रम पाळावा: आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नवे खाते उघडून त्याला पासवर्ड द्यावा, त्यात एकदा शिरून पाहावे आणि मगच तिथून आपले जुने खाते ‘स्टँडर्ड यूजर’ करावे. आपल्या फाइली आणि मांडणी आहे तशीच राहते.