वापरात राहू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला तेव्हा आधी फोनच लावणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प बसतोस, म्हणून लिहायला बसले.

आईच्या पितळी पातेल्याचं काय करायचं, असं विचारलंयस. आतेबहीण म्हणते लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, मारून घे, हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेव, आत छोटा दिवा लाव. बाबा म्हणतात, तुला हवं ते कर. तोवर ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडलंय. त्याच मेसेजच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंयस, की घर हातात येत नाही, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग साचतो, निम्मा आठवडा डबा मागवता, आणि आईच्या ओट्यासमोर उभं राहिलं की परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला एकच दिसतो. पातेलं खाली काढ, कल्हई करून आण आणि त्यात वरण शिजव. लॅकर मारलंस की ते पुन्हा आचेवर चढायचं नाही. म्हणजे ते पातेलं उरणार नाही, पातेल्याच्या आकाराची शोभेची वस्तू होईल. तुझ्या आईला शोभेच्या वस्तूंचा किती कंटाळा होता हे तुला मी सांगायला नको.

तू लिहिलंयस की काठावरची अक्षरं आधीच पुसट झालीत, वापरलं तर उरलेलीही जातील. ती अक्षरं मी नवी असताना पाहिलीत. तुझ्या आजोळहून रुखवतात आलेलं पातेलं ते. दुकानदाराने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं होतं, तिचं माहेरचं नाव, खाली लग्नाची तारीख. आता त्यातला सालाचा शेवटचा आकडा लागत नाही आणि आडनावाची वेलांटी गेलीय, बरोबर? ती कुणी पुसली? तुझ्या आईनेच. रोज सकाळी, उजव्या हाताने, अंगठा काठावर टेकवून घासताना. अंगठा जिथे टेकायचा तिथलीच अक्षरं सगळ्यांत जास्त झिजलीत, खाली काढलंस की बघ. तुला उरलेलं नाव जपायचंय, आणि मला वाटतं की तिची खरी खूण जे गेलंय त्यात आहे. मग तुझ्या हाताने आणखी थोडं झिजलं तर बिघडलं कुठे?

वापर. वस्तू जपायची तर ती वापरात राहिली पाहिजे. मी हे इतक्या लोकांना सांगितलंय की घरात मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

हा हट्ट कुठून आला तेही सांगते. आमच्याकडे स्टील आलं तेव्हा मी शाळेत होते. त्या काळी घरोघर हेच चाललं होतं, तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायची आणि चकचकीत स्टील आणायचं. कल्हईची कटकट नको, चिंचेने घासणं नको. बायकांचे हात सुटले, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण आमच्या आईचं घंगाळ, दोन तपेल्या आणि तिच्या आईकडून आलेली परात मोडीत निघाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. तराजूत वजन झालं, भाव झाला, पैसे मोजले. परातीच्या काठावर आजीचं नाव होतं, ते वजनात धरलं गेलं. मला विचारणारं कोण होतं? आईलाही कुणी विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही, पण नंतर कितीतरी वर्षं कणीक मळताना म्हणायची, ही परात फार हलकी आहे, सरकते. ते मला अजून टोचतं.

म्हणून वस्तू टिकवायच्या बाजूची मी तुझ्याइतकीच आहे. भांडण टिकवायचं कसं याबद्दल आहे.

तू पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं उदाहरण दिलंस. मला ते संग्रहालय फार प्रिय आहे, पण तुझं उदाहरण चुकलंय. दिनकर केळकरांनी आपला छोटा मुलगा गेल्यावर त्याच्या नावाने ते उभं केलं, आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या घरातले अडकित्ते, लामणदिवे, भांडीकुंडी गोळा केली. पुढे सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. त्या माणसाने त्या वस्तू काचेआड ठेवल्या, कारण त्या वापरणारे हात संपले होते आणि पुढची पायरी मोडीची होती. तुझ्याकडे हात आहेत. दोन तुझे, दोन बाबांचे. जिवंत घरातली वस्तू काचेआड ठेवायची म्हणजे आपल्याच हातांना रजा देणं झालं.

आता कामाचं. नीट वाच, कारण अर्धवट ऐकून वापरलंस तर पातेलंही बिघडेल आणि पोटही.

पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबट पदार्थ त्याला थेट लागला की कळकतो, हिरवट होतो, तोंडात धातूची चव येते. ते खायचं नाही. म्हणून आतून कथलाचा थर हवा, तीच कल्हई. तुझ्या पातेल्याची कल्हई वापरून झिजली असेल, तळाला पिवळं दिसत असणार. पिवळं दिसलं की कल्हई गेली असं समजायचं. तसं त्यात काहीही शिजवू नकोस.

तू पुण्यात आहेस, तेव्हा कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन चौकशी कर. कल्हई कोण करतं ते तिथे कळेल. दारोदार ओरडत येणारा कल्हईवाला आता क्वचितच दिसतो, त्याची वाट बघत बसू नकोस. शुद्ध कथील वापरता का, शिसं मिसळलेलं नाही ना, हे तोंडावर विचार. विचारायला लाजू नकोस, अन्नाचं भांडं आहे. आणि भांडं ठेवून निघून येऊ नकोस, समोर उभा राहा. भात्याने निखारे फुलवतात, पातेलं फिरवत फिरवत तापवतात, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि नाकात झोंबतो. मग कथलाची कांडी तापल्या तळाला नुसती टेकवायची. ती लोण्यासारखी विरघळते, आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात पिवळ्याचं रुपेरी होतं. तुझी आई हे बघायला ओट्यावरचं काम टाकून अंगणात यायची. तू तिच्या कडेवर होतास, धुराने रडायचास.

कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, आणि त्यात फोडणी करायची नाही, तेल त्याच्या वर सहज जातं. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओतायची. डाळ तासभर भिजव, पाणी घाल, हळद, हिंग आणि तेलाचा एक थेंब, म्हणजे उतू जायची नाही. कुकरपेक्षा वेळ लागेल, लागू दे. ढवळायला लाकडी डाव घे. आमटीत आमसूल घातलंस तर चालेल, पण जेवणं झाली की उरलेलं स्टीलच्या भांड्यात काढ, रात्रभर त्यात ठेवायचं नाही. आतून तारेची घासणी कधीही लावायची नाही, कथील खरवडून निघतं; नारळाची शेंडी किंवा मऊ फडकं पुरतं. बाहेरून चिंच-मीठ लाव, नाहीतर पितांबरी. कामाच्या ताईंना एकदा हाताने करून दाखव. नुसतं सांगून त्यांच्यावर चिडलास तर चूक तुझी.

आणि खरं म्हणजे, ते एक पातेलं तूच घास. बाकीचा ढीग ताईंना दे.

माळ्यावर ते सुरक्षित आहे असं तुला वाटतं. एक पावसाळा जाऊ दे, मग वर्तमानपत्र सोडून बघ. काळवंडलेलं असेल, कानाकोपऱ्यांत हिरवा थर चढलेला असेल. रोज हात फिरणारं पितळ असं होत नाही.

वापरताना वस्तू मोडते, असं तू म्हणशील. मोडते. माझ्या आईच्या दोन चिनी मातीच्या बरण्या होत्या, पांढऱ्या, वर तपकिरी गळा. एक माझ्याकडे आली, एक भावाकडे. माझ्या बरणीत दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं पडायचं. एका पावसाळ्यात ओल्या ओट्यावरून ती सरकली आणि फुटली. भाऊ माझ्याशी महिनोन्‌महिने नीट बोलला नाही. आजही सणावारी जमलो की विषय निघतो, आईची बरणी हिने फोडली. त्याची अजून धड आहे. दादरा बांधून कपाटावर ठेवलीय, आत काही नाही. त्याच्या मुलांना ती कुणाची हेसुद्धा माहीत नव्हतं, मी सांगितलं तेव्हा कळलं. माझ्या मुलीला मात्र आजीचा हात माहीत आहे. मोहरी किती फेसायची, मिठाचा अंदाज कसा घ्यायचा, खार कैरीच्या वर बोटभर आला पाहिजे, हे ती त्या बरणीसमोर बसून शिकली. आज ती परगावी काचेच्या बरणीत तेच लोणचं घालते. आता तूच सांग, आईची वस्तू कुणी सांभाळली? भावाने की मी? त्याला हे पटत नाही. मला त्याचं पटवून घ्यायचं नाही. वापरात मोडलेल्या वस्तूबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, आणि तुझ्या हातून त्या पातेल्याला पोचा आला तर तूही मागू नकोस. आतेबहिणीचीही नाही.

आता ओट्याबद्दल. परकं वाटतं, कारण तू तिथे पाहुण्यासारखा उभा राहतोस. आईसारखं काहीच जमत नाही, असं तू चार ओळींत चार वेळा लिहिलंयस, आणि तिथे मला राग आला. तिच्यासारखं करायला कुणी सांगितलंय? तिचं वरण तिचं होतं. तुझं पहिल्या दिवशी दाटसर होईल, दुसऱ्या दिवशी पाण्यासारखं. बाबा निमूट खातील. त्यांच्या पुढ्यात भाजी ठेव आणि निवडायला सांग. त्यांना कुणी काही करायला सांगत नाही, सगळे सांत्वन करतात, म्हणून ते दिवसभर टीव्हीसमोर बसतात. मेथी निवडायला बसलेला माणूस निदान बोलतो. तुझी आई त्यांना रविवारी वालाच्या बिरड्या सोलायला बसवायची, हे त्यांना आठवतंय का विचार. वाल आण आणि भिजत घाल.

एकदम सगळं घर अंगावर घेऊ नकोस. डबा बंद करायची घाई नको. एक पातेलं, एक वरण, ते घासणं, पुसून पालथं घालणं. तेवढं रोज. ज्या दिवशी वैताग येईल त्या दिवशीही. वैतागून केलेलं कामही कामच असतं, तुझी आईही काही रोज हसतमुखाने घासत नव्हती. भांडी आपटायची, मी ऐकलंय.

लॅकरवाल्याला आगाऊ पैसे दिले असशील तर बुडाले समज, परत मागायला जाऊ नकोस. या शनिवारीच कल्हई करून घे. पातेल्याबरोबर घरात आणखी पितळेचं काही असेल, ती वेळणी होती ना, तीही ने, एका फेरीत होईल. किती पैसे घेतले आणि कथील दाखवलं का ते मला कळव. मला माझीही एक तपेली पाठवायची आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी