"मॅडम, घरात कळतंय काय ह्यातलं?"

समुपदेशनाला आलेली मुलं 'मला नेमकं काय झालंय' हे फार उशिरा विचारतात. आधी विचारतात ते वर शीर्षकात दिलंय. त्याच्या मागोमाग कॉलेजात कळेल का, कुठल्या कागदावर येईल का, पुढं भरतीला नडेल का. या प्रश्नांपायी कितीतरी जण दारापर्यंत येऊन परत फिरतात. म्हणून एका मुलाची हकीकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, राधानगरीकडच्या एका गावातला. कोल्हापुरात राजारामपुरीत तिघांत एक खोली, दोन वेळचा मेसचा डबा. आला तो तोंडाला मास्क आणि डोक्यावर टोपी घालून. खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "मला काय नाही ओ, आमच्या रूम पार्टनरचं विचारायचं होतं." मी म्हटलं, बरं, पार्टनरचं सांग. बोलता बोलता कधीतरी 'त्याला'चं 'मला' झालं. त्याच्या ते लक्षात आलं नाही, मीही दाखवून दिलं नाही.

झालं होतं असं: केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत उभा असताना अचानक छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. "आता आपण खलास असं वाटलं." तसंच पुन्हा एका रात्री खोलीवर झालं. पार्टनरनी मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी व्यवस्थित आला. "गॅस असंल, टेन्शन घेऊ नको" एवढं ऐकून तिघं परत आले. पण भीती काही दवाखान्यात राहिली नाही. बसमध्ये झालं म्हणून त्यानं बस सोडली. प्रयोगशाळेत एकदा झाल्यासारखं वाटलं म्हणून प्रॅक्टिकल सोडली. वर्गात दाराजवळचं बाक धरून बसायचा, म्हणजे पळता येईल. रात्री जागायला चहा आणि एनर्जी ड्रिंक, आणि हजेरी पार घसरलेली.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. जीव जातोय असं वाटतं, पण जीव जात नाही. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, धोका मात्र नसतो. माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. काही मिनिटांत हे टोकाला जातं आणि आपोआप उतरतं. पण तोवर माणूस तिथून पळालेला असतो आणि 'पळालो म्हणून वाचलो' हे डोक्यात पक्कं बसतं. आजार वाढतो तो इथं. अर्थात, छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदा झाली असेल तर आधी डॉक्टरच गाठायचा. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं. त्याला मी ते करायला लावलं. सगळं नीट निघालं.

आता मूळ प्रश्नाकडे. तो विचारायच्या आधीच मी सांगते, कारण मुलं विचारायला लाजतात. तू इथं येतोस हे मी कुणाला सांगत नाही: घरी नाही, वर्गशिक्षकांना नाही, प्राचार्यांना नाही. कॉलेजला महिन्याला किती विद्यार्थी आले एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. माझ्या वहीतल्या नोंदी कुलुपात असतात. गुणपत्रकावर, टीसीवर, चारित्र्याच्या दाखल्यावर याचा उल्लेख येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, त्याच्या कलम 23 मध्ये उपचार घेणाऱ्या माणसाचा गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. भरतीचं म्हणाल, तर काही नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत आजार आणि औषधांबद्दल थेट विचारतात, तिथं खरं सांगावं लागतं. पण परीक्षेच्या भीतीवर कॉलेजच्या मॅडमशी चार वेळा बोललो, याची यादी भरती करणाऱ्यांच्या हाती जाते, ही निव्वळ अफवा आहे.

अपवादही पहिल्याच भेटीत सांगते. तुझ्या जिवाला धोका दिसला, तुझ्यामुळं दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असला, किंवा न्यायालयानं आदेश दिला, तर मला बोलावं लागेल. शक्यतो तुला सांगूनच बोलेन. अकरावी-बारावीच्या, अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांना बरोबर घ्यावं लागतं, तेही त्या मुलाला आधी सांगून. आणि मग मी सरळ विचारते, मरून जावं असं मनात येतं का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही; उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटल्यासारखी बोलतात. हा मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, मरायची भीती वाटतीया म्हणून तर आलोय की!" आम्ही दोघंही हसलो, आणि तेव्हा कुठं त्यानं मास्क काढला.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. बँक खात्याला वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला. खाजगी मानसोपचारतज्ज्ञाला फोनवरून पैसे दिले की गावात वडिलांच्या फोनवर मेसेज वाजणार, याच भीतीनं तो दोन महिने गप्प बसला होता. असल्या गोष्टी पुस्तकात नसतात. कॉलेजमधल्या समुपदेशनाला पैसे पडत नाहीत हे त्याला माहीतच नव्हतं. आम्ही बहुतेक नोटीस बोर्डावर 'मन मोकळं करा' एवढंच लिहितो, फुकट आहे हे लिहीत नाही.

पुढचं काम तसं साधं होतं, सोपं नव्हतं. रात्रीचं एनर्जी ड्रिंक बंद. जिना भराभर चढून मुद्दाम धडधड वाढवायची आणि ती आपोआप उतरते हे बसून बघायचं. मग केएमटीत एक स्टॉप, मग दोन, आणि भीती आली तरी मध्येच उतरायचं नाही. औषधं मी देत नाही, समुपदेशक देऊच शकत नाही. त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी तूर्त गोळ्या नकोत असं ठरवलं. काहींना लागतात, आणि लागल्या तर त्यात कमीपणा नाही.

अशात वडिलांचा फोन आला. गावातल्याच एका मुलानं याला माझ्या खोलीबाहेर बसलेलं पाहिलं होतं, आणि सकाळी दूध डेअरीवर कॅन मोजता मोजता ती बातमी वडिलांपर्यंत पोचली. माझा अनुभव असा, की बातमी कपाटातल्या फायलीतून फुटत नाही, व्हरांड्यातून फुटते. म्हणून समुपदेशनाची खोली परीक्षा विभागाशेजारी, फॉर्मच्या रांगेसमोर नसावी हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि प्रत्येक बैठकीत पुढच्या विषयाकडे वळतात.

वडील म्हणाले, "मॅडम, आमचा पोरगा तुमच्याकडं येतोय म्हणं. त्येच्या डोक्यावर काय परिणाम झालाय का?" मी म्हटलं, "दादा, माझ्याकडं कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी सांगणार नाही. पण तुम्हाला पोराची काळजी लागलीय, ती बोला, मी ऐकते." ते बराच वेळ बोलले. पोराचं थोडं, स्वतःचं जास्त: उसाचं बिल, सोसायटीचं कर्ज, रात्री तीनला उघडणारे डोळे.

मुलाला मी सांगितलं, की वडिलांचा फोन आला होता, त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. त्यांच्या झोपेबद्दल बोलले नाही. ते त्यांनीच सांगायचं. तो आधी घाबरला, मग चिडला, आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच म्हणाला, "मीच सांगतो घरात." कसं सांगायचं याची आम्ही तालीम केली. 'डिप्रेशन', 'मेंटल' असले शब्द वापरायचे नाहीत. काय होतं, काय तपासलं, आता काय करतोय, एवढंच. शनिवारी रात्री शेतीची वीज येते तेव्हा बापलेक उसाला पाणी पाजायला गेले. तिथं त्यानं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मलाबी असंच हुतंय. मी बीपीचं समजत हुतो." पुढच्या आठवड्यात ते तालुक्याच्या दवाखान्यात बीपी तपासून आले.

सगळ्या घरांत असं होईलच असं नाही. काही घरांत सांगितल्यावर देवऋषी येतो, नाहीतर 'शिक्षण बंद कर, घरी ये' होतं. म्हणून घरी सांगायचं का, कधी आणि कुणाला आधी, हे मुलानं ठरवायचं. बऱ्याचदा आईच्या आधी मामा किंवा थोरली बहीण बरी पडते.

हजेरीसाठी त्याला पत्र लागलं. त्यात 'आरोग्याच्या कारणास्तव' एवढंच लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि मगच सही केली. त्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, प्रॅक्टिकल मात्र सगळी दिली. सबमिशनच्या दिवसांत अजून अधूनमधून धडधडतं. तो बसमधून उतरत नाही.

तुमच्या कॉलेजात समुपदेशक नसेल तर मागा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलेलं आहे. समोर कुणी बसलं की पहिल्याच भेटीत विचारा: नोंद कुठं ठेवता, ती कोण बघतं, घरी कधी कळवता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून दुसरीकडं जायला हरकत नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. आणि कुणासमोर बसायचंच नसेल, किंवा रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला असेल, तर 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे: चोवीस तास, मोफत, मराठीतही.