चित्र नेमकं कुठल्या कार्डातून येतंय?

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक वर्कस्टेशन लॅपटॉपचे आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी दुखणं सांगायच्या आधीच ‘ड्रायव्हर तीनदा टाकून पाहिला’ असं लिहिलं आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : क्वाड्रो (एनव्हिडियाचं व्यावसायिक कामाचं ग्राफिक्स कार्ड) असलेला लॅपटॉप आहे. थ्रीडी मॉडेल फिरवताना चित्र अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू १’ कायम शून्यावर. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फरक नाही. कार्ड गेलं का?

कार्ड बहुधा ठणठणीत आहे आणि ड्रायव्हरही. तुमचं काम दुसऱ्याच कार्डावर चाललंय, एवढंच.

या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात : एक प्रोसेसरच्या पोटातलं, बहुधा इंटेलचं, आणि दुसरं वेगळं एनव्हिडियाचं, म्हणजे सहसा टास्क मॅनेजरमधलं ‘जीपीयू १’. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुतेक वेळा पहिल्याला जोडलेला असतो. एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करतं आणि दाखवण्यासाठी इंटेलच्या हवाली करतं. प्रोग्रॅमने मोठं कार्ड मागितलंच नाही, तर विंडोज बॅटरी वाचवायला त्याला लहान कार्डावर बसवतं.

सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, तुमचा प्रोग्रॅम यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. इथे एक गोची होते. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आयकॉनवर क्लिक केल्यावर सुरू होणारी फाइल वेगळी आणि प्रत्यक्ष चित्र काढणारी वेगळी असते. पहिलीच यादीत घातली तर काहीच बदलत नाही. प्रोग्रॅम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये बघा, खरी कोणती ते कळेल. मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि ‘जीपीयू इंजिन’ हा रकाना चालू करून तिथे ‘जीपीयू १’ येतंय का ते तपासा.

झटपट खात्री हवी असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. अनेक वर्कस्टेशन मॉडेलांत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. त्या मॉनिटरवर मॉडेल लोण्यासारखं फिरलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर अडखळलं, तर दोष वाटेचा आहे. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘हायब्रिड’ म्हणजे दोन्ही कार्डांऐवजी ‘डिस्क्रीट’ म्हणजे फक्त एनव्हिडिया असा पर्याय असेल तर तोही आहेच. बॅटरी मात्र लवकर संपेल, कारण मोठ्या कार्डाला मग झोपच मिळत नाही.

शून्याचं आणखी एक साधं कारण. टास्क मॅनेजरचा आलेख मुळात ‘थ्रीडी’चा असतो. रेंडरिंग (मॉडेलमधून अंतिम चित्र बनवणं) कुडावर, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सोयीवर, चालू असेल तर ते त्या आलेखात दिसत नाही. आलेखाच्या डोक्यावरच्या बाणातून ‘कुडा’ किंवा ‘कॉम्प्युट’ निवडावं लागतं.

एवढं सगळं बरोबर असून वेग कमीच असेल तर अडॅप्टर बघा. २३० वॅटचा अडॅप्टर लागणारा लॅपटॉप १०० वॅटच्या यूएसबी-सी डॉकवर चालवला, तर तो चालतो, चार्जही होतो, पण प्रोसेसर आणि कार्ड दोघांचाही वेग आवळलेला असतो. ड्रायव्हर बदलून ती भूक भागत नाही.

प्रश्न : डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड ४३. नवा ड्रायव्हर टाकला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

कोड ४३ म्हणजे ‘या उपकरणाने काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं’. बिघाड कुठला, हे तो सांगत नाही. पण ‘दोन दिवस बरं’ यावरून संशय विंडोज अपडेटवर जातो : तुम्ही टाकलेल्या ड्रायव्हरवर ते आपला ड्रायव्हर बसवतं.

क्रम असा ठेवा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे चिपसेट, इंटेल ग्राफिक्स आणि एनव्हिडिया असे तिन्ही ड्रायव्हर आधीच उतरवून घ्या. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधनही घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहा. आता वायफाय बंद, केबल बाहेर. शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ : सेफ मोड. तिथे ते साधन चालवून एनव्हिडियाचं सगळं साफ करा. परत नेहमीच्या विंडोजमध्ये आल्यावर आधी चिपसेट, मग इंटेल, शेवटी एनव्हिडिया. ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा. इंटरनेट जोडण्याआधी ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा. बरेच जण हीच एक पायरी विसरतात आणि दोन दिवसांनी पुन्हा कोड ४३ बघतात.

कंपनीचा ड्रायव्हर फारच जुना असेल तर एनव्हिडियाकडचा ‘प्रॉडक्शन ब्रँच’ घ्या. कॅड प्रोग्रॅमची प्रमाणपत्रं याच शाखेला मिळतात. ‘न्यू फीचर ब्रँच’ कामाच्या मशीनवर नको.

एवढं करूनही ४३ आलाच, तर कार्डावरच संशय घ्यायला हवा. ‘बायोसचा लोगो स्वच्छ दिसतो म्हणजे कार्ड चांगलं’ हा समज हायब्रिड लॅपटॉपवर फसवा आहे, कारण तो लोगो इंटेल काढतं. बायोसमध्ये डिस्क्रीट करून लॅपटॉप चालू करा. लोगोवरच रेघा किंवा ठिपके आले, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही.

प्रश्न : रेंडर चालू असताना पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१.

कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, ४१०१ ही त्याचीच नोंद. जड सीनला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात) ‘एचकी लोकल मशीन’खाली सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स इथे ‘टीडीआर डिले’ नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद करा (सगळं नाव सलग, मध्ये जागा नाही), किंमत दशमानात १०, आणि मशीन रीस्टार्ट करा. साधी चित्रं बघतानाही ४१०१ येत असेल, तर मात्र हा उपाय नव्हे. तापमान आणि ड्रायव्हर तपासा.

प्रश्न : उबंटू २४.०४ (लिनक्सचं एक वितरण) टाकताना पडदा काळा राहिला म्हणून ‘नोमोडसेट’ लिहून इन्स्टॉल केलं. एनव्हिडियाचा ड्रायव्हरही टाकला. आता ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्ड तपासायची आज्ञा म्हणते, ड्रायव्हरशी बोलता येत नाही. रेंडररच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसतं.

एलएलव्हीएमपाइप दिसलं म्हणजे तुमचं एकही कार्ड चित्र काढत नाहीये. सगळा भार प्रोसेसर वाहतोय. इथे दोन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत.

पहिली, नोमोडसेट. हा शब्द कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ग्राफिक्स ड्रायव्हर चालू करण्यापासून अडवतो. काळ्या पडद्यातून बाहेर यायला तो उपयोगी, पण ती कुबडी आहे. इन्स्टॉलर कधीकधी तो कायमचा लिहून ठेवतो आणि मग इंटेलचं चांगलं कार्डही झोपून राहतं. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ फाइल वाचा. तिथे तो शब्द असेल तर ‘ईटीसी’, ‘डिफॉल्ट’मधल्या ‘ग्रब’ फाइलमधून काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा.

दुसरी, सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सही केलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारा पहारा. तो चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) कर्नल आत घेत नाही. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, की समजा दुखणं हेच. सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय, पण शेजारी विंडोज असेल तर बिटलॉकर की मागत बसेल. त्यापेक्षा उबंटूच्याच ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर घ्या, तिथून सहसा आधीच सही केलेलं मॉड्यूल येतं.

मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधलं गेलं तर मात्र इन्स्टॉल होताना सहीची किल्ली नोंदवण्यासाठी एक पासवर्ड मागितला जातो आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे कुठलीही कळ दाबायला १० सेकंद मिळतात. चहा आणायला उठलात तर संधी गेली, किल्ली पुन्हा नोंदवायला द्यावी लागते. कळ दाबल्यावर ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. तो पडदा अमेरिकी कीबोर्ड गृहीत धरतो, म्हणून पासवर्डमध्ये खुणा नकोत, साधी अक्षरं आणि आकडे ठेवा.

ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून ‘.रन’ फाइल घेऊन टाकला असेल तर आधी तो तिच्याच अनइन्स्टॉल पर्यायाने काढा. डीकेएमएसशिवाय (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी सोय) टाकलेली ती फाइल पुढच्या कर्नल अपडेटला हमखास तुटते.

प्रश्न : सातव्या पिढीचा इंटेल, पास्कल पिढीचा (एनव्हिडियाची एक जुनी पिढी) क्वाड्रो, विंडोज १०. आता काय करावं : विंडोज ११ की लिनक्स?

आधी रोजचा प्रोग्रॅम कोणता ते सांगा, मग सिस्टीम ठरेल. लोक नेमकं उलट करतात.

सॉलिडवर्क्स, रेव्हिट किंवा थ्रीडीएस मॅक्स वापरत असाल तर लिनक्सचा विचार सोडा. ते फक्त विंडोजवर आहेत. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते, सातवीतले अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तपासणी चुकवून ते बसवता येतं, पण ज्यावर पोट आहे त्या मशीनवर मी ते सुचवणार नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. नवं मशीन घेईपर्यंतचा तो वेळ समजा.

ब्लेंडर, माया, हुडिनी यांवर काम असेल तर लिनक्स खुशाल घ्या. व्हिडिओ संपादनाचं दाविंची रिझॉल्व्हही आहे, पण त्याची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ हा कॅमेऱ्यांचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार उघडत नाही. कॅमेऱ्यातल्या फाइली आधी एफएफएमपेग या साधनाने डीएनएक्सएचआर या प्रकारात बदलाव्या लागतात आणि त्या आकाराने कितीतरी पटींनी फुगतात. डिस्कवर तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

पास्कलवाल्यांनी लिनक्सवर तीन गोष्टी सांभाळायच्या. ड्रायव्हरची ५८० ही मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांसाठी शेवटची शाखा आहे, म्हणून सतत नवं आणणारं रोलिंग वितरण नको. एखाद्या सकाळी अपडेटनंतर कार्डच नाहीसं होईल. उबंटू २४.०४ला २०२९पर्यंत आधार आहे, ते पुरेसं. ड्रायव्हरच्या यादीत नावाअखेर ‘ओपन’ असलेलं पॅकेज घेऊ नका. ते ट्युरिंग या नंतरच्या पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी आहे, पास्कलला ओळखतच नाही. आणि कुडा १३ने पास्कल वगळलं आहे, तेव्हा १२वर थांबा.

प्रश्न : विंडोज ११शेजारी लिनक्स टाकायचंय, पण इन्स्टॉलरला एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क दिसत नाही.

बायोसमध्ये स्टोरेज, म्हणजे डिस्क हाताळायची पद्धत, ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर आहे, ते ‘एएचसीआय’ करायचं. पण थेट बदललंत तर विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळं पडेल. आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा. ‘एमएसकॉन्फिग’मधल्या ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट, मिनिमल’वर खूण करा. रीस्टार्ट करताना बायोसमध्ये शिरून एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर स्वतःच उचलेल. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा खरा पासवर्ड आठवत असल्याशिवाय सुरुवात करू नका.

‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. तो चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही.

प्रश्न : विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २मध्ये कुडासाठी एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर कोणता टाकावा?

कुठलाच नाही. ड्रायव्हर फक्त विंडोजमध्ये. डब्ल्यूएसएलमध्ये तो आपोआप पोचतो. आत टाकायचं ते कुडा टूलकिट, तेही डब्ल्यूएसएलसाठीचं वेगळं पॅकेज किंवा नुसतं ‘कुडा-टूलकिट’. ‘कुडा’ एवढंच नाव दिलंत तर सोबत लिनक्सचा ड्रायव्हरही उतरतो आणि चालू असलेलं बंद पाडतो.