टर्की विकतची, ग्रेव्ही घरची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकन सणाला, घरी आठ माणसं जेवायला आहेत, निम्मी अमेरिकन. टर्की दुकानातून भाजलेली आणणार, पण ग्रेव्ही पाकिटातली नको, घरी करायची आहे. कशी करू, आणि थोडा गरम मसाला घातला तर चालेल का?

आधी मसाल्याचं सांगते. नको. आपला घोटाळा 'ग्रेव्ही' या शब्दापासूनच होतो. आपल्या डोळ्यांपुढे कांदा-टोमॅटोचं वाटण आणि वर तेलाचा तवंग येतो. इथली, अमेरिकेतली ग्रेव्ही म्हणजे मांसाचा अर्क, भाजलेल्या मैद्याने दाट केलेला. वर तवंग दिसला तर ती फसली असं समजतात. आपल्याकडचं तिचं नातं शोधायचं तर ते रश्श्याशी नाही, पिठल्याशी आहे. पिठलं जमत असेल तर अर्धं काम तुम्हाला आधीच येतं.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. टर्की भाजताना ट्रेमध्ये जो रस आणि चरबी गळते, त्यावर ही ग्रेव्ही करतात. तुमची टर्की दुकानात भाजली जाणार, म्हणजे तो रसही बहुधा तिथेच राहणार. त्यावर उपाय सोपा आहे: टर्कीचे कच्चे पंख वेगळे विकत आणा. नोव्हेंबरमध्ये ते बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतात. दीड किलोच्या आसपास घ्या. धुरावलेले म्हणजे स्मोक्ड पंख मात्र उचलू नका, ते खारट असतात आणि सगळ्याला धुराचा वास लागतो.

हे काम मंगळवारी किंवा बुधवारी उरकून टाका. गुरुवारी पाहुणे दारात असताना शेगडीपाशी उभं राहायचं नाही.

ओव्हन ४२५ फॅरनहाइटला तापवा. पंख, एक मोठा कांदा, दोन गाजरं आणि सेलरीच्या दोन काड्या धातूच्या ट्रेमध्ये पसरून तासभर भाजा. पंख चांगले तांबूस-तपकिरी झाले पाहिजेत. पिवळट असताना काढलेत तर अर्क पांढरट आणि पाणचट होतो. मग पंख आणि भाज्या मोठ्या पातेल्यात काढा आणि रिकाम्या ट्रेकडे बघा. तळाला जो चिकट तपकिरी थर बसलेला असतो, तिथेच निम्मी चव आहे. गरम ट्रेमध्ये कपभर गरम पाणी ओता, चर्र होऊन वाफ येईल, हात जरा लांब ठेवा. मग लाकडी उलथन्याने खरवडायला घ्या. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्यांनी भांडून खाल्ली आहे त्यांना हे काम शिकवावं लागत नाही. थर सुटला की पाणी तपकिरी होतं, ते सगळं पातेल्यात. (काचेचा ट्रे नको म्हणते ते यासाठीच, तापलेल्या काचेवर पाणी पडलं की ती तडकू शकते.) थर काळा पडला असेल तर मात्र मोह आवरा आणि फेकून द्या, नाहीतर सगळं कडू होईल.

पातेल्यात दहा कप पाणी, थोडं थाइम (हा एक सुगंधी पाला), चार मिरे. मंद आचेवर अडीच-तीन तास. तमालपत्र घालायचंच तर इथलं घाला, आपल्याकडून आणलेलं नको. आपल्या तमालपत्राला दालचिनीच्या जवळ जाणारा वास असतो आणि लगेच कोणीतरी बिर्याणीची आठवण काढतं. मीठ अजिबात नाही. गाळा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर आलेला असतो, तो चमच्याने उचलून जपून ठेवा. खालचा अर्क जेलीसारखा थलथलत असेल तर उत्तम झाला.

आता मैदा. माझ्या पहिल्या वर्षी मी इथेच माती खाल्ली. पाहुणे बसलेले, अर्क उकळत होता, आणि मी घाईत वरून कोरडा मैदा भुरभुरला. मिनिटभरात पातेल्यात साबुदाण्यापासून सुपारीएवढ्या गुठळ्या! कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. मग कितीही घोटा. ते सगळं गाळलं तेव्हा हाती उरलं ते चवदार पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं हे आईने शिकवलं होतं, पण इंग्रजी नाव असलेल्या पदार्थापुढे ती अक्कल कुठे गेली कोण जाणे.

म्हणून मैदा आधी चरबीत परतायचा. चार कप ग्रेव्हीला, म्हणजे माणशी अर्धा कप, मापाचे सहा मोठे चमचे चरबी आणि तेवढाच मैदा. जपून ठेवलेली चरबी कमी पडली तर लोणी घाला. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. कच्चा वास जाऊन फिकट बदामी रंग आला की थांबा. बेसनाच्या लाडवासारखं खमंग भाजायचा मोह होतो, पण पीठ जितकं जास्त भाजाल तितकी त्याची दाट करायची ताकद कमी होते. मग कोमट अर्क पळीपळीने घाला. पहिल्या पळीला उकडीसारखा गोळा होईल, घाबरू नका. व्हिस्कने, म्हणजे तारांच्या घोटणीने, घोटत राहा, तिसऱ्या-चौथ्या पळीला तो सैल होतो. एकूण चार-साडेचार कप अर्क घाला, उकळी आली की आच कमी करून दहा मिनिटं शिजवा. चमच्याच्या पाठीवर पातळ लेप राहिला की झाली. ताटात जाईपर्यंत ती आणखी दाटते, म्हणून किंचित सैलच उतरवा.

मीठ आता, शेवटी, चाखून घाला. विकतच्या टर्कीला बऱ्याचदा मिठाचं पाणी टोचलेलं असतं, त्यामुळे तिच्याबरोबर आलेला रस ग्रेव्हीत घालणार असाल तर आधी जिभेवर घेऊन बघा. चव बोथट वाटली तर लिंबाचे चार थेंब.

पाहुण्यांपैकी कोणाला गहू चालत नसेल तर मैद्याऐवजी कपाला एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च गार पाण्यात कालवून उकळत्या अर्कात घाला. भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते हेच. इथे 'कॉर्न फ्लोअर' लिहिलेली पिशवी आणलीत तर घरी मक्याचं पीठ येईल. शाकाहारी मंडळींसाठी हीच कृती मश्रूमच्या अर्कावर करा, सुके मश्रूम भिजवलेलं पाणी त्यात नक्की घ्या.

गुरुवारी ग्रेव्ही उकळून चहाच्या थर्मासमध्ये भरून ठेवा, आधी थर्मास गरम पाण्याने विसळून. दोन तास तरी कढत राहते आणि वर साय धरत नाही. फक्त थर्मासला मसाला चहाचा वास नाही ना, ते झाकण उघडून हुंगून घ्या. मी एकदा हुंगला नव्हता.

उरली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकते. थंड झाल्यावर तिची वडी पडल्यासारखी होते, थोडं पाणी घालून खळखळून उकळली की पुन्हा पूर्ववत.